तेल पाजलेली जाळी

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याविषयी बोलत नाही, नामदेवा, तुझ्याशी बोलते आहे. आणि तुझ्याशी मी कधी गोड बोलले असेन तर ते फक्त तुझ्या बारशाला. तेव्हा तू पाळण्यात होतास आणि तुला उलट उत्तर देता येत नव्हतं.

काल तुझी तेरवी झाली. वाशीमच्या मुलींच्या शाळेत मी आणखी आठवड्याची रजा कळवली आहे आणि मेडशीला तुझ्याच ओसरीवर बसून हे लिहिते आहे. समोर अंगणात धान्य साठवायच्या तुझ्या सिमेंटच्या कोठ्या उभ्या आहेत. एकीचं तोंड लिंपायचं राहिलंय. लोक येऊन गेले, देवमाणूस होता म्हणाले. देवमाणूस! गेल्या वर्षी शिरपूरच्या बाजारात तुझी टर उडवणारी हीच तोंडं. मी पदर तोंडाशी धरून बसले होते. बायांना वाटलं, थोरली बहीण रडू आवरते आहे. मी तोंड आवरत होते. एका गंजक्या तारेच्या टोकानं धडधाकट माणूस जातो आणि हे म्हणतात देवाला आवडला म्हणून नेला. देवाला आवडावं असं तुझ्यात काही नव्हतं. हट्टी मेला. भांडायला वाघ, आणि कामाची गोष्ट सांगायची वेळ आली की मुका.

तुझं हे सिमेंटचं वेड कुठून सुरू झालं ते मला चांगलं आठवतं. त्या वर्षी उंदरांनी कणगी फोडून बियाण्याची जवारी खाल्ली होती. तू अकोल्याच्या रस्त्यावर पुलाच्या कामाला जाऊन नुकताच परतला होतास. कणगी म्हणजे काय, तर तुराटीचा विणलेला कूड आणि त्यावर शेणामातीचा लेप. तू त्या फुटक्या कणगीसमोर कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिलास आणि मला म्हणालास,

“बाई, मातीले कोन धरून ठेवते? तुराटी. नुसती माती उभी राह्यली असती का? सिमेंटाचंही तसंच हाय. दाबलं तं सोसते, वाकवलं तं मोडते. त्याच्या पोटात वाकनारं कायतरी पायजे.”

“मंग तुह्यासारखंच हाय ते,” मी म्हणाले. “तुह्या पोटात काय घालू?”

“पुरनपोळी.”

असा होतास. त्या दिवशी मी पुरण घातलं, आणि तू जेवून उठलास तो थेट अंगणात कोठीसाठी खड्डा करायला. किसनला, तुझ्या त्या सावलीसारख्या चुलतभावाला, हाक मारलीस आणि त्या दिवसापासून तुम्ही दोघं अर्धे शेतीचे आणि अर्धे सिमेंटचे झालात. सिमेंट मिळत होतं कुठं? नागपूरचं सरकार जाऊन मुंबईचं आलं तरी परमिटसाठी खेटे घालणं काही चुकलं नाही. एका पोत्यात जितक्या जास्त कोठ्या होतील तितक्या करायच्या, म्हणून कोठीची भिंत बोटभर जाडीची ठेवायची. भिंत पातळ म्हटल्यावर पोटातलं ते वाकणारं काहीतरी चांगलं हवं. तू तुराटी घालून पाहिलीस, ती पाणी पिऊन फुगली. अंबाडीची दोरी विणून घातलीस, ती ओली असताना ताठ राहिली आणि वाळल्यावर आतल्या आत सैल पडली. लोखंडी तारेची जाळी टिकली, पण तारेनं तुमची दोघांची बोटं सोलून निघायची. मी म्हणायची, हे हात घेऊन जेवायला बसू नकोस, मला घास जात नाही.

म्हणून मी ती जाळी आणली. आमच्या ह्यांचा भाचा मुंबईला गोदीत कामाला आहे. तिकडचे कोळी आता नायलॉनची जाळी घेऊ लागलेत, असं तो सांगत होता. म्हटलं, मला एक आणून दे. पिशवीत कोंबून मी ती मोटारीनं मेडशीला घेऊन आले. तू ती उन्हात धरलीस, दातांनी ओढून पाहिलीस, एक टोक काडीनं पेटवलंस तर ते जळण्याऐवजी वितळलं आणि तू लहान पोरासारखा हसलास.

“हे कुजत नाई, गंजत नाई, टोचत नाई! अन् या गाठी पाह्य, बाई. हरेक चौकटीच्या कोपऱ्याले गाठ. सिमेंट या गाठीले धरून बसन, हालनारच नाई.”

सुभद्रेला हाक मारून तू ती तिच्या हातात दिलीस. तुझी बायको कधी मोठ्यानं हसत नाही, त्या दिवशी हसली. म्हणाली, “लुगड्याहून मऊ हाय.” अर्धी मेडशी ‘पलाष्टिकची जाळी’ पाहायला आली. तुला एवढं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तो दिवस तू मला दिलास, त्याबद्दल तुझे उपकार. बाकी कशाबद्दल नाही.

मग शिरपूर. तिथल्या एका शेतकऱ्यानं मोठी कोठी सांगितली होती. तू ती जाळी घालून केलीस, बैलगाडीत पेंढ्यावर निजवून नेलीस, आणि मी मुद्दाम वाशीमहून ती भरताना पाहायला आले. बाजाराचा दिवस होता. देवळाला आलेले यात्रेकरूसुद्धा थांबून पाहत होते. कोठी निम्म्याच्या वर भरली आणि तिची एक बाजू फुगली. मग सिमेंटचे पोपडे सुटायला लागले, भिंतीला ओल लागल्यावर चुना सुटतो तसे. आत जाळी तशीच्या तशी, धडधाकट, आणि तिच्या चौकटींतून जवारी भळाभळा रस्त्यावर. कुणीतरी ओरडलं, “नामदेवानं जाळं टाकलं जवारीले, मासोळ्या गेल्या पयून!” सगळा बाजार हसला. तू खाली बसून ओंजळीनं जवारी भरत होतास. मी एक पोपडा उचलला. आतून गुळगुळीत होता, आणि नाकाशी धरला तर एरंडीच्या तेलाचा वास.

“नाम्या, याले एरंडीचा वास काहून येते?”

तू मान वर केली नाहीस. “नवी जाळी होती. तेल पाजलं.”

“कायले?”

“नव्या दोराले पाजत नाई का?”

पाजतात. आपल्याकडे नवा कासरा, नवा नाडा घरात आला की त्याला आधी तेल पाजायचं, मग बैलाला लावायचा. का ते कुणी विचारत नाही. तेलानं दोर मऊ पडतो, लवकर झिजत नाही. पण दोर बैलाच्या शिंगाला बांधायचा असतो. जाळीला सिमेंटनं धरायचं होतं. तेलकट हातानं विहिरीतली बादली ओढून पाहा म्हणावं. मी तिथंच, बाजारात, तुला हे सांगितलं. आणि तू, ज्यानं मला गाठी दाखवल्या होत्यास, तो तू म्हणालास,

“तेलाचा काय संबंध! तुह्या मुंबईच्या जाळीतच दम नाई.”

इथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलं नाही. वर्षभर मी एकच सांगत होते: उरलेली जाळी धू, एकदा बिनतेलाची करून पाहा. एकदा. भाऊबीजेला तू ओवाळून घेतलंस, मी तबक खाली ठेवायच्या आत विचारलं, आणि तू पाटावरून उठून गेलास. ताटातली करंजी तशीच. मी म्हणाले, जा, तुझ्या हट्टाला ओवाळलं असं समजते. जाळीचा उरलेला गुंडा तू माळ्यावर फेकलास, वाशीमच्या भंगारातून गंजकी तार आणलीस आणि परत बोटं सोलायला बसलास. मला कळेना, इतका शहाणा माणूस इतकी साधी गोष्ट करून का पाहत नाही. तुला माझं ऐकायचंच नाही, अशी मी समजूत करून घेतली. तू ती तशीच राहू दिलीस.

आणि मग एका सकाळी किसन वाशीमला माझ्या दारात.

“बाई, नामदेवचं तोंड उघडून नाई राह्यलं.”

मला हसू आलं, बघ. म्हटलं, त्याचं तोंड आणि उघडत नाही? मग किसनचा चेहरा पाहिला.

तारेचं टोक तळहातात घुसलं होतं, त्याला आठवडा झाला होता. तू त्यात चुलीतली राख भरलीस, वर चिंधी बांधलीस आणि गोठ्यात शेण काढत राहिलास. वाशीमची मोटार तुझ्या दारावरून जाते, नामदेवा! सरकारी दवाखान्यात धनुर्वाताची सुई मिळते, हे तुला ठाऊक नव्हतं असं तरी म्हणता आलं असतं. पण किसनच्या पायात खिळा गेला होता तेव्हा तूच त्याला बखोटीला धरून मोटारीत घातलंस, सुई टोचवून आणलीस, आणि माझ्या घरी जेवून गेलात दोघं. किसनला जीव आहे आणि तुला नाही?

मी पोचले तेव्हा तू आतल्या खोलीत होतास. जबडा मिटलेला, ओठ ताणलेले. अनोळखी माणसाला वाटलं असतं हा हसतो आहे. दार वाजलं तरी अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. आम्ही तुला दवाखान्यात नेलं, रस्त्यातला एकेक खड्डा तुझ्या अंगातून गेलेला मी पाहिला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, आणि मला बाहेर बोलावून, फार उशीर झाला, एवढंच म्हणाले. तुझे डोळे शेवटपर्यंत शुद्धीवर होते. माझ्याकडे पाहायचे, सुभद्रेकडे पाहायचे, पुन्हा माझ्याकडे. जन्मभर माझ्या एका वाक्याला चार उत्तरं देणारा माणूस, आणि मला तुझं शेवटचं एक उत्तर मिळालं नाही. मी डोळ्यांना काय विचारणार होते?

राख सावडल्यावर दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढले आणि जाळीचा गुंडा खाली ओढला. शेजारच्या म्हातारीनं टोकलं, “सुतकात कामाले हात लावू नये वं माय.” मी म्हणाले, सुतक मलाच आहे, जाळीला नाही. मला एकच पाहायचं होतं. जाळीतच दम नसेल तर तुझं नशीब, तार हाताळणाऱ्याला तार लागायचीच. पण जाळी धरत असेल, तर तू ती बोटं, तो हात, तो जीव नुसत्या हट्टापायी घालवलास. हे कळल्याशिवाय मी वाशीमला जाणार नव्हते.

घंगाळात ऊन पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला आणि जाळी चोळायला बसले. पाण्यावर तेलाचा तवंग आला. सुभद्रा दारात येऊन उभी राहिली.

“काहून धुता, बाई?”

“तेल काढून राह्यली.”

ती मग उंबऱ्यातच खाली बसली.

“तेल म्या पाजलं होतं,” ती म्हणाली. “ते घरी नव्हते. म्या म्हनलं, नवी चीज हाय, त्यायले बरं वाटन. शिरपूरहून आले तं म्या पुसलं, तेलानं झालं का? ते म्हने, तेलाचं काई नाई, जाळीच बेकार हाय. अन् म्हने, बाईले सांगू नको तू पाजलं मनून. म्या पाजलं मनीन मी. नाई तं बाई तुले जन्मभर आयकवन.”

माझे हात पाण्यातच राहिले.

“हाताले लागलं तवाही म्या म्हनलं, वाशीमले जा,” ती सांगत होती. “ते म्हने, बाई हात पाहन अन् परत जाळीचं काढन. मंग मोटार निघून गेली.”

म्हणजे मी कोण? राक्षसीण? माझ्या तोंडाच्या भीतीनं तू मेलास असं मी आता समजायचं का? नाही समजणार. मी बोलते, हे साऱ्या वाशीमला ठाऊक आहे. बोलण्यानं कुणाला धनुर्वात झालेला मी ऐकला नाही. मला बोलू द्यायचं होतंस. एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडायला तू लहानपणापासून पटाईत होतास.

पण त्या पोरीकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं, आणि कळल्यावर राग दुप्पट झाला. ती या घरात आली त्या वर्षी विहीर आटली, पुढच्या वर्षी आई गेली, आणि गावानं तिला पांढऱ्या पायाची ठरवून टाकलं. तिची दोन लेकरं राहिली नाहीत तेव्हा तर बाया तिच्या तोंडावर बोलल्या. त्यात शिरपूरची फजिती तिच्या हातून झाली हे कळलं असतं, तर गावानं तिला जगू दिलं नसतं. गावाचं सोड, तिनंच स्वतःला जगू दिलं नसतं. म्हणून तू बिनतेलाची जाळी करून पाहत नव्हतास. ती टिकली असती तर तेलाचा गुन्हा शाबीत झाला असता. एवढं सगळं तू पोटात ठेवलंस आणि वरून मला म्हणालास, तुझ्या मुंबईच्या जाळीत दम नाही. वर्षभर मी तुला गाढव म्हणत होते आणि तू ऐकून घेत होतास. मला तुझा अभिमान वाटतो आणि तुला दोन थोबाडीत माराव्याशाही वाटतात. थोबाडीत जास्त.

जाळी धुतली होती, आता थांबून काय उपयोग. किसननं ती आत घालून पोळपाटाएवढी, बोटभर जाडीची फरशी ओतली. ती ओल्या पोत्याखाली ठेवून आम्ही रोज पाणी मारलं. तेरवीची पंगत उठली, भांडी घासून झाली, आणि आज सकाळी किसननं ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि हातोडा घातला. फरशीला मधोमध तडा गेला. दुसऱ्या घावाला ती वाकली. तिसऱ्या घावाला तिचे तुकडे झाले, पण एकही तुकडा खाली पडला नाही. किसननं ती उचलून धरली, तर सगळे तुकडे जाळीला धरून लोंबत होते. गाठी. तू म्हणाला होतास त्याच गाठी.

“धरलं, बाई!” किसन ओरडला. “जाळीनं धरलं!” आणि मग त्याला काय झालं कोण जाणे, तो फरशी तशीच छातीशी धरून ढसाढसा रडायला लागला.

त्याचा आवाज ऐकून सुभद्रा बाहेर आली. तिनं फरशी पाहिली. बोटानं एक तुकडा हलवून पाहिला. मग माझ्याकडे वळली.

“मंग तवा काहून नाई धरलं?”

या प्रश्नाला तोंड द्यायला तू मला एकटीला टाकून गेलास, नामदेवा. मी काय सांगायचं होतं? जाळी बेकार आहे म्हणावं, तर किसन उद्यापासून परत त्याच तारेत हात घालणार. खरं सांगावं, तर ही पोर आज ना उद्या हिशेब मांडणार: तेल, मग शिरपूर, मग तार, मग तू. अंगणातली विहीर लांब नाही.

“कारखान्यातूनच मेन लागून येते जाळीले,” मी म्हणाले. “नवी असली का सोड्यानं धुवा लागते. न धुता घातली का धरत नाई. आता भाच्यानं कळवलं. हे ना त्याले ठाऊक होतं, ना मले.”

“मंग माह्या तेलानं नाई?”

“मेनावर तेल लावलं काय अन् नाई लावलं काय, सारखंच. येडी हायेस का?”

तिनं किसनकडे पाहिलं. किसननं डोळे पुसले. तेलाचं त्यालाही कळलं असावं, पण म्हणाला, “व्हय वयनी, मेनानंच.” मग सुभद्रा तिथंच जमिनीवर बसली आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. फार वेळ रडली. मी तिला रडू दिलं. नंतर किसननं गोठ्यातली तार गोळा केली आणि परसात खोल खड्डा करून पुरली. मुंबईला नवी जाळी सांगितली आहे. तोंड लिंपायचं राहिलेली ती कोठी तो आधी पुरी करणार आहे.

वर्गात पोरी खोटं बोलल्या तर मी त्यांना बाकावर उभं करते. आज भावजयीच्या डोळ्यांत डोळे घालून बोलले, आणि तिनं पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन, हे तोंड चालतंय तोवर बोलेन. त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की मेणाचं हे खोटं मला पापणी लवायच्या आत सुचलं, आणि तू वर्षभर त्यावाचून तडफडलास. सुचलं नाही ना तुला? मग ज्याला सुचतं त्याला विचारायचं! मोटारीत बसून वाशीमला यायचं, मला एका बाजूला घेऊन सांगायचं, बाई, तेल तिनं पाजलं, आता तू काहीतरी कर. चार दिवस मी तुला फाडून खाल्लं असतं. पाचव्या दिवशी मी मेडशीला येऊन मेणाची गोष्ट सांगितली असती, सुभद्रेनंच सोड्याचं पाणी ठेवलं असतं, आणि तुझा तो हात धडधाकट राहिला असता.